वहिनींचं तिसरं नाव

नावांचीच गोष्ट सांगायची आणि एकही नाव सांगायचं नाही, अशी माझी पंचाईत आहे. जबलपूरच्या एका सरकारी ऑफिसात मी आयुष्यभर कॉम्प्युटर सांभाळले. कोण कुठल्या नावाने मशीनमध्ये शिरतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते बाहेर बोलायचं नाही ही त्या कामाची पहिली अट होती. निवृत्त झाले तरी ती अट अंगातून जात नाही. नवरा चिडवतो की ही बाई भाजीवाल्याचंही नाव सांगायची नाही.

खरं तर नावाच्या बाबतीत मी पहिल्यापासून तिखट. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी ताट मागे सारलं. म्हटलं, मला आईवडिलांनी ठेवलेलं एक आहे, तेवढं पुरे. नवरा हळूच म्हणाला, "बरं झालं, नवीन पाठ करायचं वाचलं." त्या क्षणी मला तो आवडला. मी त्याला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारते. सासूबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि मग देवासमोर जरा जास्त वेळ बसायच्या. माणूस एक तर नाव एक, त्यात लपवाछपवी कशाला, असं माझं साधं म्हणणं होतं.

आणि नशिबी काम आलं ते नेमकं उलटं.

आमचं ऑफिस नहरांच्या, म्हणजे कालव्यांच्या, नकाशांचं. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा निम्मी माणसं आणि निम्मी कपाटं तिकडे गेली. कोण जाणार, कोण राहणार, यावरून खूप दिवस रुसवेफुगवे आणि रडारड चालली. कॉम्प्युटर सांभाळणारे भैयाजीही गेले आणि त्यांची खुर्ची त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मला मिळाली. त्यांच्या काळात कॉम्प्युटर फक्त नकाशाच्या खोलीत होता. माझ्या काळात पत्रव्यवहाराच्या खोलीत आला, आणि मग भोपाळहून मेल सुरू झाला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. नकाशाच्या मशीनवर माणसाचं पहिलं नाव चालायचं, पत्रांच्या मशीनवर नोकरीचा नंबर, आणि मेलवर आडनावाला जोडलेलं एक अक्षर. म्हणजे एकेका माणसाला तीन तीन लॉगिन नावं आणि तीन तीन पासवर्ड.

आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून माझ्या दारात उभे राहायचे.

"बिटिया, आज मैं कौन हूँ?"

"कौनसी मशीन पर बैठना है, बाबूजी?"

"चिट्ठीवाली पर।"

"तो आज आप नंबर हैं।"

"अच्छा, चलो," म्हणून ते निघायचे आणि दाराबाहेर पोचेपर्यंत नंबर विसरायचे.

शेवटी तिन्ही मशीनच्या तारा एकत्र जोडल्या गेल्या आणि भोपाळहून हुकूम आला की आता एका माणसाचं एकच खातं राहील. लोकांना वाटलं, आपली दोन नावं जाणार. तसं नव्हतं. नावं कितीही राहू देत, ती सगळी एकाच खात्याकडे वळवायची होती. मी लोकांना समजवायची की तुमच्या घराला पुढून दार आहे, मागून दार आहे, गल्लीतूनही एक आहे, पण चूल एकच ना? कुठल्याही दाराने या, स्वयंपाक तोच मिळेल. पासवर्डही एकच. मशीनच्या आत एक तक्ता होता. त्यात डावीकडे नावं लिहायची आणि उजवीकडे त्या माणसाच्या खात्याचा क्रमांक. बस, एवढंच. हौस म्हणून मी त्यात एक भर घातली. माणूस आत शिरला की स्क्रीनच्या माथ्यावर 'नमस्कार' आणि खातेदाराचं पूर्ण नाव देवनागरीत येईल अशी सोय करायला घेतली; ती पुरी व्हायला मात्र काही दिवस लागले. बडे बाबूंना निदान आपण कोण ते कळावं, हा हेतू होता.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांकडून चिठ्ठ्या मागवल्या. शिपायाने त्या चहाच्या ट्रेमधून आणल्या, वाटेत सांडल्या, आणि उचलताना कोणाची चिठ्ठी कोणाच्या नावाला लागली ते त्यालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नकाशाच्या खोलीतल्या एकाने भलत्याच माणसाचा मेल उघडला, त्यातला बढतीचा निरोप वाचला, आणि बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून पेढे घेऊनच घरी गेला. ते पेढे मीही खाल्ले. नंतर त्याला खरं काय ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं, तेव्हा ते पेढे आठवून मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी नियम केला की चिठ्ठी चालणार नाही. एकेकाने माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसायचं, आपली तिन्ही नावं स्वतःच्या तोंडाने मोठ्याने सांगायची, मी टाइप करणार, आणि शेवटची कळ त्याने स्वतः दाबायची. स्वतःचं नाव सांगायला कोणाला काय अडचण येणार आहे, असं मला वाटलं होतं.

मग वहिनी आल्या.

वहिनी रेकॉर्डच्या खोलीत होत्या. शहपुऱ्याकडचे शेतकरी, सरपंच नहराच्या नकाशाची प्रत मागायला यायचे, त्यांना ती काढून द्यायचं त्यांचं काम. त्यांचा नवरा आमच्या ऑफिसात नकाशे काढायचा. मी त्याला दादा म्हणायची. इथल्याच घमापूर मोहल्ल्यातला, आमच्यासारखाच नागपूरकडून आलेल्या घरातला. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही बोटावर मोजण्याइतके, म्हणून दादा माझ्याशी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठी बोलायचा. थोड्याशा आजाराचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याच्या जागी वहिनींना नोकरी मिळाली. खोली बदलली, पण खुर्ची तीच, टेबल तेच, खणातला पाण्याचा स्टीलचा पेलासुद्धा तोच. आणि लॉगिनही तेच. छत्तीसगडला गेलेल्या त्या भैयाजींनी तेव्हा फक्त पासवर्ड बदलला होता आणि म्हटलं होतं, "भाभीजी, अभी यही चला लीजिए, नया बाद में बना देंगे।" ते बाद में कधी आलंच नाही. नकाशाच्या मशीनवर वहिनी वर्षानुवर्षं दादाच्याच नावाने शिरत होत्या. सगळे नकाशेही त्याच नावाखाली होते, दादाने काढलेले आणि नंतर वहिनींनी जपलेले.

साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भाभीजी म्हणायचे. मी वहिनी म्हणायची. त्यांचं स्वतःचं नाव ऑफिसात कोणी उच्चारलेलं मला आठवत नाही.

त्या स्टुलावर बसल्या, पदर सावरला, आणि पहिल्या झटक्यात नोकरीचा नंबर सांगितला. मेलचं नावही सांगितलं.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"ते तुले माहीत आहे ना वं. टाक."

"मला माहीत असून चालत नाही वहिनी. सगळ्यांना एकच नियम. बोला."

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी बोटं कळांवर ठेवून थांबले. बाहेर रांग लागलेली.

"काहून बोलून नाही राहिल्या?" मी जरा चिडूनच म्हटलं.

"मी लिहून देते."

"चिठ्ठी बंद आहे."

"मग मी टाकते," त्या म्हणाल्या, आणि माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढून, माझ्याकडेच पाहत, एकदाही खाली न बघता त्यांनी ते नाव टाइप केलं. एरवी वहिनी एक बोट हवेत फिरवत अक्षरं शोधायच्या. त्या दिवशी ते नाव हातांतून सरसर उतरलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि खरं सांगायचं तर मला दया आली नाही, राग आला. दादा जाऊन एवढी वर्षं झाली, बाई नोकरी करते, मुलीला शिकवते, शहपुऱ्याच्या सरपंचांना ओळीत उभं करते, आणि नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही! मी बोललेच. म्हटलं, "वहिनी, हे आपल्या आयांनी केलं ते पुरे झालं. नावाला काय काटे आहेत?"

त्या रागावल्या नाहीत. हसल्या. "तू आपल्या नवऱ्याले दिवसातून किती वेळा हाका मारते वं?"

"मोजत नाही मी."

"हं. मी तोंडानं एकदाच घेतलं. लग्न होऊन आली तेव्हा. नणंदेनं दारात अडवून धरलं, नाव घे म्हणे, नाहीतर आत नाही येऊ देत." आणि त्यांनी मला तो उखाणा, आमच्या इथल्या धबधब्याचा, म्हणून दाखवला. नावाच्या जागी नुसतं बोट हवेत टेकवलं, जशी रिकामी जागा दाखवावी.

"धुवाँधारचं पाणी पडते धो धो, ...चं नाव घेते, आता घरात येऊ द्या हो."

मला खळखळून हसू आलं, त्याही हसल्या. मग हसता हसता म्हणाल्या, "ते होते तवर लोक म्हणत, घे ना नाव, घे ना. मी नाही म्हणून पळून जाऊ. ते गेल्यावर कोणीच नाही म्हणत. बाकीच्या बायांना म्हणतात, माझ्यापर्यंत आलं की पुढे जातात. अन् मग इथं आली तर त्या भैयानं सांगितलं, रोज हेच नाव टाकायचं. मले तर इंग्रजी अक्षरंच येत नव्हती. त्याच्या नावातली अक्षरं पहिले शिकली, बाकीची मागून. तोंडानं नाही घेत मी. बोटानं रोज घेते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तो कीबोर्ड परत घ्यायचं विसरून तशीच बसून राहिले.

त्यांना फक्त एकच विचारायचं होतं, "हे राहील ना वं?"

"राहील ना," मी म्हटलं. तक्त्यात डावीकडे तीन नावं, उजवीकडे वहिनींचा क्रमांक. माझ्या मते विषय संपला होता.

पण संपला नव्हता. आठवड्याभरात भोपाळच्या मुख्य ऑफिसात खात्यांचं काम बघणाऱ्या मॅडमचा निरोप आला. जे छत्तीसगडला गेले त्यांची आणि जे वारले त्यांची सगळी खाती बंद करा. हुकूम बरोबरच होता, मीही त्यांच्या जागी तोच काढला असता. गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी आत शिरणं म्हणजे घराची किल्ली अंगणात ठेवण्यासारखं. मॅडमनी सोबत आमच्या ऑफिसातली अशी नावंही पाठवली होती, आणि दादाचं नाव त्यांत होतं. मशीनला बिचाऱ्याला काय ठाऊक, त्या नावाने रोज कोण येतं ते.

मी वहिनींना सांगितलं. त्यांनी नकाशाची गुंडाळी बांधता बांधता ऐकून घेतलं. "चलो, ठीक आहे," म्हणाल्या. "सरकारचंच तर आहे." आणि गुंडाळीला दोऱ्याची गाठ मारत राहिल्या, मारत राहिल्या. ती गाठ नंतर कात्रीने कापावी लागली.

मी तडक आत जाऊन भोपाळला फोन लावला. मॅडम कामाच्या पक्क्या होत्या. त्यांना उखाणे सांगून उपयोग नव्हता, हे मला कळत होतं. मी कामाचंच बोलले. म्हटलं, या नावाखाली अर्ध्या जिल्ह्याच्या नहरांचे नकाशे आहेत, नाव पुसलं तर ते बेवारस होतील.

"तो फाइलें दूसरे खाते में डाल दीजिए," त्या म्हणाल्या.

"डाल दी हैं, मैडम. सब भाभीजी के खाते में हैं. ये नाम भी अब उन्हीं के खाते पर जाता है."

"लेकिन आदमी तो है नहीं."

"आदमी का खाता नहीं है, मैडम. खाता औरत का है, और वो यहीं रेकॉर्ड रूम में बैठी हैं. रोज़ आती हैं. ये बस उनका एक और लॉगिन नेम है. पासवर्ड भी उन्हीं का है."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. त्या स्वतःचाच हुकूम वाचत असाव्यात. खातं जिवंत माणसाचं हवं, असं त्यात होतं. त्या माणसाचं लॉगिन नाव कसं असावं, याबद्दल काहीच नव्हतं. बडे बाबूंचं एक लॉगिन तर नुसता नंबर होता, त्याला कोणी जिवंत की मेलेला विचारलं नव्हतं.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "पर ऐसे मामले में खातेदार को खुद मुझे फोन पर बताना होगा. अपने तीनों लॉगिन नेम बोलें, और कहें कि उनके हैं. आप नहीं बोलेंगी. वो बोलेंगी."

माझाच नियम माझ्यावर उलटला होता.

वहिनींना बोलावलं तेव्हा मी नजर चुकवतच सांगितलं. म्हटलं, नाव ठेवायचं असेल तर मोठ्याने घ्यावं लागेल. भोपाळच्या बाईला. फोनवर. त्या एकदम म्हणाल्या, "नाही जमणार." मी म्हटलं, "बरं." जोर करायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि मला ते ठरवणं फार जड गेलं, कारण जोर करणं हाच माझा स्वभाव. त्या दारापर्यंत गेल्या. दारात बडे बाबू उभे होते, नेहमीसारखे, आपण आज कोण ते विचारायला. त्यांना बाजूला होऊ द्यावं म्हणून वहिनी थांबल्या. बाबूजी आदराने मागे सरकले, "आइए भाभीजी, पहले आप."

वहिनी बाहेर गेल्या नाहीत. उंबऱ्याशी तशाच उभ्या राहिल्या. मग वळून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"लाव फोन. तेव्हाही दारातून नाव घेऊनच आत आली होती मी."

मी लावला. वहिनींनी पदर डोक्यावरून घेतला, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. नंबर सांगितला. मेलचं नाव सांगितलं. मग डोळे मिटले आणि दादाचं नाव घेतलं. अगदी स्पष्ट, एकेक अक्षर, पुढच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारच्या खोलीतलं टाइप करणं थांबलं. मी कितीतरी वर्षांनी ते नाव ऐकत होते, आणि ऐकताना मला दादाचा तो मुद्दाम मोठ्याने मराठी बोलणारा आवाज आठवला आणि माझे डोळे भरून आले.

पलीकडून मॅडमनी काहीतरी विचारलं असावं.

"हाँ जी," वहिनी म्हणाल्या. "मेरा ही है."

रिसीव्हर ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "झालं?" आणि कपाळावरचा घाम पुसला. त्यांचे कान लाल झाले होते. लग्नातल्या नवरीसारख्या लाजल्या होत्या, त्या वयात, माझ्यासमोर.

"एकदा करून बघा," मी म्हटलं आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी माझ्याकडे बघतच दादाचं नाव टाइप केलं. पासवर्ड टाकला. शेवटची कळ स्वतः दाबली. मशीन थोडं घुमलं आणि स्क्रीनच्या माथ्यावर अक्षरं आली. नमस्कार, आणि पुढे वहिनींचं स्वतःचं नाव. पूर्ण. मीच आदल्या संध्याकाळी सुरू केलेली ती सोय, पण या घाईत ती माझ्या लक्षातच राहिली नव्हती.

वहिनी पुढे वाकल्या. ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. "हे तर मी आहे," म्हणाल्या.

दारात बडे बाबू अजून उभेच होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, स्क्रीनकडे पाहिलं, आणि मोठ्याने, शाळेत हजेरी घ्यावी तसं, ते नाव वाचलं. मग विचारलं, "ये कौन हैं, बिटिया?"

मी वहिनींकडे वळले, त्यांच्या नावापुढे ताई लावलं, आणि हाक मारली.

"काय वं?" त्या म्हणाल्या.